मेहबूबभाईंच्या परतभेटी

मेहबूबभाई पिंजारी एक गोष्ट अभिमानानं सांगत, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगत. आपल्या दारात येऊन गेलेल्या एकाही माणसाची भेट त्यांनी कधी अंगावर ठेवली नव्हती. कुणी ईदला आलं, तर दिवाळीला मेहबूबभाई त्याच्या दारात हजर. कुणी त्यांना आजारपणात बघून गेलं, तर तो माणूस आजारी पडायची वाट न बघता मेहबूबभाई बरे झाल्या झाल्या त्याच्याकडे जाऊन बसत. शहाद्याला एस.टी. स्टँडच्या मागे त्यांचं गाद्या-रजयांचं दुकान होतं. दुकान भरदुपारी बंद दिसलं आणि शेजाऱ्याला विचारलं, की तो मान वर न करता सांगे, "भेट फेडाले गया."

त्यांच्या पत्नी नईमाभाभी गेल्या तेव्हा निम्मं शहादं दारावर येऊन गेलं. दारावर येणं म्हणजे मयताच्या घरी जाऊन थोडा वेळ बसणं. बोलायचं फार नसतं. चाळिसावा दिवस झाल्यावर मेहबूबभाईंनी मोपेड काढली आणि एकेक घर घेतलं. तेली गल्ली, बस डेपोतले दोन कंडक्टर, ज्या डॉक्टरांनी शेवटी हात टेकले ते डॉक्टर, कापसाचे व्यापारी, भाजीवाल्या. डॉक्टरांना वाटलं, भांडायला आले. मेहबूबभाई दहा मिनिटं बसले, "बरंय" म्हणाले आणि उठले.

मग सगळी घरं संपली. घरं संपल्यावर त्यांना पहिल्यांदा कळलं की आता स्वतःच्या घरी बसावं लागणार.

त्याच सुमाराला त्यांची मुलगी महजबीन सुरतेहून आली. तिथं ती एका ऑफिसात हिशेबाचं काम करते. तिनं वडिलांच्या फोनवर एक पान उघडून दिलं. वर लिहिलं होतं, "नईमाचं स्वयंपाकघर".

मेहबूबभाईंना एवढं माहीत होतं की नईमा ताट वाढायच्या आधी ताटाचा फोटो काढते. जेवण गार करायचा तिला छंद आहे, असं ते म्हणत. ते फोटो मुलीला जात असतील असा त्यांचा समज होता. ते जात होते साऱ्या दुनियेला. नईमाभाभी बरीच वर्षं ब्लॉग लिहीत होत्या. फौजदारी डाळ, कळण्याची भाकरी, बिबड्या, खिचडा, काळ्या मसाल्याचा रस्सा. प्रत्येक पदार्थाखाली वाचकांचे प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्नाखाली नईमाभाभींचं उत्तर. कुणी विचारलं होतं, बिबड्या फाटतात. नईमाभाभींनी लिहिलं होतं, "तुम्ही घाई करता. माझे मिस्टर पण असेच आहेत."

मेहबूबभाईंनी ते उत्तर वाचलं, आणि पुन्हा वाचलं. ती समोर बसून टोमणा मारतेय असंच वाटत होतं. मग दुकानात गिऱ्हाईक नसलं की ते उत्तरं वाचत बसू लागले. पाककृती ते वाचत नसत. त्यांना चहासुद्धा येत नव्हता.

महजबीननं आई गेल्याची बातमी ब्लॉगवर लिहिली होती. तिच्याखाली लोकांनी दुःख कळवलं होतं. आता पुढंही लोक लिहिणार, म्हणून तिनं ब्लॉगची किल्ली, म्हणजे पासवर्ड, वडिलांना दिला आणि आतली व्यवस्था समजावून सांगितली. वाचक आला की कुकी नावाची एक खूण त्याच्या फोनमध्ये राहते. तो पुन्हा आला की ब्लॉगला त्याची ओळख पटते. आता कायद्यानं त्याला आधी विचारावं लागतं, म्हणून पान उघडताच खाली पट्टी येते. वाचकानं मंजूर किंवा नामंजूर दाबायचं. कुकीवरून बिस्किटाचा विनोद मेहबूबभाईंनी केला नाही. तो नईमाभाभींनी नानकटाईखाली आधीच करून ठेवला होता.

"आत लोकांची नावं आहेत, ईमेल आहेत," महजबीन म्हणाली. "ज्यांना अम्मीनं मसाल्याच्या पुड्या पाठवल्या त्यांचे पत्ते आहेत. ते नीट सांभाळायचे."

मेहबूबभाई म्हणाले, ते काय सांगायचं.

ती सुरतेला गेली आणि मेहबूबभाईंनी ब्लॉगची मागची बाजू उघडली. दुकानाला असते तशी ही पण मागची खोलीच होती. पुढे गादी दिसते, मागे कापूस कुठून आला ते दिसतं. तिथं त्यांना दुःख कळवणाऱ्यांची सगळी नावं एका ठिकाणी दिसली. प्रकाशा, नवापूर, तळोदा, धुळे, पुणे, कुवेत. 

एवढी माणसं दारावर येऊन गेली होती, आणि आपण एकाच्याही घरी गेलो नव्हतो!

फोनवर का होईना, माणूस येऊन दोन शब्द बोलून गेला ना? मग भेट झाली. भेट झाली म्हणजे ती फेडायची. पुणे-कुवेत पुढे बघू, आधी जिल्ह्यातले घेऊ, असं त्यांनी ठरवलं. पत्ते हाताशी होतेच. महजबीनला विचारावं असं त्यांच्या मनात आलं नाही. एखाद्याकडे मयताची भेट फेडायला जाताना कुणी मुलीची परवानगी काढतं का?

पहिलं घर प्रकाशाचं. बेबीबाई पाटील, तापीकडे जाणाऱ्या रस्त्याला, पिठाच्या गिरणीसमोर. मेहबूबभाई रिकाम्या हातानं कुठं जात नसत. नईमाभाभींनी करून ठेवलेल्या काळ्या मसाल्याची एक पुडी त्यांनी सोबत घेतली. शिवाय तयारी म्हणून बेबीबाईंनी ब्लॉगवर आजवर लिहिलेलं सगळं आदल्या दिवशी वाचून काढलं. ज्याच्या घरी जायचं त्याच्या घरची थोडी माहिती असलेली बरी.

ओट्यावर गावातली चार-पाच माणसं केळीवरच्या करपा रोगाबद्दल बोलत बसली होती. बेबीबाईंचे यजमान दोधू पाटील खांबाला टेकून उभे होते. मेहबूबभाईंनी नाव सांगितलं, आतून बेबीबाई बाहेर आल्या.

"नईमाताईना घरवाला का तुम्ही?" त्या म्हणाल्या, आणि डोळ्यांना पदर लावला. मसाल्याची पुडी त्यांनी दोन्ही हातांनी घेतली आणि चहा ठेवायला आत गेल्या.

एवढ्यावर मेहबूबभाई उठले असते तर ही कथा इथंच संपली असती. पण घरच्यांची तब्येत विचारल्याशिवाय उठणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. आणि पिंजणयंत्राच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे त्यांचं हळू बोलणंही गिरणीपर्यंत ऐकू जाई. ते दोधू पाटलांकडे वळले आणि आपुलकीनं म्हणाले, "आते मूळव्याध कशी शे तुम्हनी?"

करपा थांबला. गिरणीवर दळण घेऊन उभी असलेली बाई वळून बघू लागली.

"तुम्हले कोनी सांगं?" दोधू पाटील म्हणाले.

"बेबीताईंनीच लिखेल शे. फौजदारी डाळना खाले."

तसं त्यांनी खरंच लिहिलं होतं. यजमानांना मूळव्याध आहे, डाळ कमी तिखट करून चव कशी राखायची, असं विचारलं होतं. पण ते ब्लॉगवर. ओट्यावर नाही.

ओट्यावरचा एक म्हातारा सावकाश म्हणाला, "तरीच मी म्हनू, दोधू कव्हयना उभाच का शे."

माणसं हसली. दोधू पाटील बसावं की उभं राहावं या विचारात पडले. मेहबूबभाईंना वाटलं, त्यांना धीर द्यावा. म्हणून त्यांनी सांगितलं की यात लाजण्यासारखं काही नाही, पुष्कळ लोकांनी ते वाचलं आहे आणि सगळ्यांना काळजी आहे. कुवेतच्या एका बाईनं तर सुरणाचा उपायसुद्धा लिहिला आहे.

"कुवेतपर्यंत गयं का?" दोधू पाटील म्हणाले.

बेबीबाई ट्रे घेऊन उंबऱ्यापर्यंत आल्या, सगळ्यांचे चेहरे बघितले, ट्रे तिथंच ठेवला आणि मागं फिरल्या. मेहबूबभाईंनी स्वतः उठून कप घेतला. परत येताना बसमध्ये त्यांना समाधान वाटत होतं. दोधू पाटील शेवटी शेवटी गप्प होते खरे, पण दुखण्यातला माणूस गप्प असायचाच.

पुढची भेट नवापूरची. नंदुरबारला बस बदलून ते एस्तेर गावित यांच्या घरी पोचले. ब्लॉगवर सगळ्यांत जास्त लिहिणं एस्तेरचं होतं. काळ्या मसाल्याच्या रश्श्याखाली तिचं आणि नईमाभाभींचं बोलणं सुरू झालं होतं आणि ते एखाद्या लांब गल्लीसारखं खाली खाली जात होतं.

एस्तेरच्या अंगणात त्या दिवशी चर्चमधल्या बायका जमल्या होत्या. दुसऱ्या दिवशी लग्नाचं जेवण होतं. बायका कांदे सोलत होत्या आणि मधोमध एस्तेर कुणी काय करायचं ते सांगत होती. तिचा मान तसाच होता. नवापूरच्या आसपास कुणाकडे लग्न असो की नाताळ, कोंबडीचा रस्सा एस्तेरनंच करायचा. तो तिच्या आजीचा रस्सा होता. आजी डोंगरातल्या गावातली, तिच्या हाताची ही चव आणि ती फक्त एस्तेरला दिलेली, असं सगळ्यांना माहीत होतं, कारण एस्तेरनं तसं सगळ्यांना सांगितलं होतं.

मेहबूबभाई फाटकातून आत आले आणि पुडी पुढे करून म्हणाले, "शहाद्याचा मेहबूब. नईमाचा नवरा. मसाला संपला असेल म्हणून आणलाय."

एस्तेरच्या हातातली सुरी कांद्यात अर्धी जाऊन थांबली. "काका, तुम्ही आत बसा," ती घाईनं म्हणाली.

पण मेहबूबभाईंना आत बसायची सवय नव्हती. मयताच्या भेटीत माणूस बाहेरच बसतो. ते तिथल्याच एका खुर्चीवर बसले आणि त्यांनी मोठ्या कौतुकानं विचारलं, "आता रस्सा जमतो ना? पहिल्या वेळी तुमचा अगदी पाण्यासारखा झाला होता. मग नईमानं सांगितलं, कांदा आधी चुलीत भाज. तेव्हा कुठे लाइनीवर आला."

अंगणात फक्त कांद्यांचा वास राहिला. रमीबाई म्हणून एक वयस्कर बाई होत्या, त्यांनी डोळे पुसले. ते कांद्यानं की कशानं, सांगता येत नव्हतं. त्या म्हणाल्या, "एस्तेर, तुझी आजी शहाद्याची होती का गं?"

एस्तेरनं अडकलेली सुरी काढून दुसरा कांदा घेतला. तिचा नवरा योहान कोंबड्यांची पाटी घेऊन आला होता, तो पाटीसकट परत गेला. मेहबूबभाईंना काहीतरी चुकल्याचा वास आला, पण कुठं चुकलं ते कळेना. त्यांनी मदत म्हणून आणखी सांगितलं की आजीही चांगलाच करत असेल. त्यावर दोन बायका पदरात तोंड घालून हसल्या.

ते नंदुरबार स्टँडवर उतरले तेव्हा महजबीनचा फोन आला.

"अब्बा, कुठं आहात?"

"नंदुरबारला. नवापूरची भेट फेडून आलो."

"कुणाची?"

त्यांनी सांगितलं.  मग महजबीन म्हणाली, प्रकाशाच्या कुणीतरी ब्लॉगवर लिहिलंय की इथं काही लिहू नका, म्हातारा घरी येतो.

"मग? भेट दिली तर फेडायला नको?"

"अब्बा, त्यांनी पत्ता मसाल्याच्या पुडीसाठी दिला होता. तुमच्यासाठी नाही. ज्या कामाला दिला त्याच कामाला वापरायचा. आणि त्यांनी आत जे लिहिलंय ते त्यांचं आहे. ते आपण ओट्यावर नेऊन वाचायचं नाही."

मेहबूबभाईंच्या दुकानात लोक जुन्या गाद्या पिंजायला टाकतात. गादी उसवली की आत काय काय निघतं, ते चाळीस वर्षांत त्यांनी पाहिलं होतं आणि त्यातलं एक अक्षर कधी गिऱ्हाइकाच्या शेजाऱ्याला सांगितलं नव्हतं. हा हिशेब त्यांच्या डोक्यात आता बसला. स्टँडवरच्या बाकावर बसून त्यांनी कपाळाला हात लावला, आणि शहाद्याची बस समोरून निघून गेली.

घरी आल्यावर त्यांनी ठरवलं, झालं ते आपणच निस्तरायचं. लोकांना कळायला हवं की त्यांची माहिती कशी ठेवली जाते. महजबीन म्हणाली होती की प्रत्येक ब्लॉगवर असा एक मजकूर असतो. तो ती रविवारी लिहिणार होती. मेहबूबभाईंनी तो शुक्रवारीच लिहून टाकला:

"वाचकांना सूचना. तुम्ही इथे येता तेव्हा तुम्ही कोणत्या गावाहून आलात, फोनवरून आलात की कॉम्प्युटरवरून, काय वाचलं आणि किती वेळ थांबलात ते मला दिसतं. तुमच्या फोनमध्ये एक खूण ठेवली जाते, म्हणजे पुन्हा आलात की ओळख पटते. ज्यांनी पत्ते दिले त्यांचे पत्ते माझ्याकडे आहेत. मी आता कुणाच्या घरी जाणार नाही. प्रकाशा आणि नवापूर इथे जे झालं ते पुन्हा होणार नाही. मेहबूब पिंजारी."

दुसऱ्या दिवशी ब्लॉगवर जत्रा भरली. नईमाभाभींच्या हयातीत एवढे लोक आले नव्हते. सगळ्यांना एकच विचारायचं होतं: प्रकाशा आणि नवापूरला काय झालं? कुवेतच्या बाईंनी विचारलं, पाटीलभाऊंना सुरणानं फरक पडला का? धुळ्याच्या कुणीतरी लिहिलं की मी किती वेळ थांबते हे एका परक्या माणसाला दिसतं ही गोष्ट भयंकर आहे. मेहबूबभाईंनी तिला प्रामाणिकपणे उत्तर दिलं की काळजी करू नका, तुम्ही फार वेळ थांबत नाही.

महजबीननं ते फोनवर वाचलं आणि तिला हसावं की रडावं कळेना. "अब्बा, तुम्ही लिहिलेला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणूनच लोक घाबरले. बाकीचे हेच सगळं दहा पानं लांब लिहितात, म्हणून कुणी वाचत नाही."

मग एकामागून एक निरोप यायला लागले. आमचं नाव काढा. आमचा पत्ता पुसा. आम्ही जे काही लिहिलंय ते सगळं काढून टाका. तळोद्याच्या एका बाईनं तर वरणफळाखाली फक्त "छान" एवढंच लिहिलं होतं, तेही तिला परत हवं होतं.

बेबीबाईंनी फोनच केला. त्या रागावल्या नव्हत्या, दमल्या होत्या. रोज सकाळी कुणीतरी येऊन दोधू पाटलांना खुर्ची देतं आणि वर उशी ठेवतं, असं त्यांनी सांगितलं.

"भाऊ, तुम्ही मानूस वाईट नही," त्या म्हणाल्या. "पन मन्हं सगळं तठून काढी टाका."

मेहबूबभाईंनी माफी मागितली आणि लगेच काढून टाकलं. एक बटण होतं, ते दाबलं. बेबीबाईंचा प्रश्न गेला. आणि त्याच्याबरोबर त्याच्या खालचं नईमाभाभींचं उत्तरही गेलं.

त्यांनी पान मिटून पुन्हा उघडलं. फोन बंद करून चालू केला. फौजदारी डाळीखाली त्या ठिकाणी काही नव्हतं. तिखट कमी करून वर लसणाची फोडणी द्या, असं काहीतरी नईमाभाभींनी लिहिलं होतं, आणि शेवटी पाटलांच्या तब्येतीसाठी दुआ केली होती. ते असं काहीतरी होतं. नक्की काय होतं, ते मेहबूबभाईंना आठवेना.

त्यांनी महजबीनला विचारलं, परत आणता येतं का. ती म्हणाली, नाही. प्रश्न गेला की त्याच्याखालचं सगळं जातं.

"मग बाकीच्यांचं मी काढणार नाही."

"काढावं लागेल, अब्बा. त्यांचं आहे ते."

"आणि तिचं?"

 महजबीननं तिकडे फोन धरून ठेवला आणि यांनी इकडे.

त्या दिवशी दुकानात एक माणूस लेकीच्या लग्नाच्या गाद्या सांगायला आला होता. मेहबूबभाईंनी त्याचं माप दोनदा चुकवलं. समोर निरोपांची रांग होती. त्यात सगळ्यात वर एस्तेरचा निरोप होता, दोन ओळींचा: माझं तिथलं सगळं काढून टाका, मला चर्चमध्ये तोंड दाखवायला जागा राहिली नाही. आणि एस्तेरच्या प्रश्नांखाली नईमाभाभींची जेवढी उत्तरं होती तेवढी दुसऱ्या कुठंच नव्हती. कांदा, कोंबडी, मसाला इथून सुरू होऊन त्या दोघी कुठं कुठं गेल्या होत्या. सासू, पाय दुखणं, मुलगी सुरतेला गेल्यावर घर कसं वाटतं ते. दवाखान्यातून लिहिलेलं एक उत्तर होतं: "इथलं वरण पांचट आहे बेटा, तू आली असतीस तर यांना शिकवलं असतंस."

मेहबूबभाईंनी बटणावर बोट नेलं आणि काढून घेतलं. मग त्यांनी आयुष्यात न केलेली गोष्ट केली. जाण्याऐवजी फोन केला, आणि तोही आधी महजबीनला विचारून, एस्तेरला चालेल का असा निरोप पाठवून.

"बोला काका," एस्तेर म्हणाली. आवाज घट्ट होता.

मेहबूबभाईंना फोनवर बोलण्याची कला नव्हती. त्यांनी सरळ सांगितलं. चूक माझी. तुम्ही म्हणाल ते आज पुसतो, तुमचा हक्क आहे. पण तुमचं पुसलं की नईमाचं पुसलं जातं. बेबीबाईंचं पुसलं तेव्हा मला हे माहीत नव्हतं. आता माहीत आहे, म्हणून बोट चालत नाही. तुम्ही एकदा हो म्हणा, मग चालेल.

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"मला भाभींचं काही पुसायचं नाहीये," एस्तेर म्हणाली. "मला फक्त माझं नाव तिथं नकोय."

"नुसतं नाव?"

"नुसतं नाव. आणि गाव. आणि तो पाण्यासारखा रस्सा झाला होता, ती ओळ."

मेहबूबभाई म्हणाले, ओळ तुमचीच आहे, जाईल.  मग एस्तेरनं सांगितलं की लग्नाच्या दिवशी रमीबाईंनी सगळ्यांदेखत पुन्हा आजीचं नाव काढलं, तेव्हा तिनं कंटाळून सांगून टाकलं की रस्सा शहाद्याच्या नईमाभाभींचा आहे, त्यांनी शिकवला. आता ज्याला त्याला नईमाभाभी कोण ते ऐकायचं असतं.

"मी सांगू का काका? तुमच्या घरातलं नाव आहे. चालेल का तुम्हाला?"

इतक्या दिवसांत मेहबूबभाईंना कुणी असं काही विचारलं नव्हतं. "सांगा," ते म्हणाले. मग त्यांनी "बरंय" म्हणून फोन ठेवला.

महजबीननं सुरतेहून आतली व्यवस्था बदलली. ज्यांनी काढा म्हटलं, त्या प्रत्येकाला आधी विचारलं: सगळं काढू, की फक्त नाव काढू? बऱ्याच जणांनी नावावर भागवलं. पत्ते सगळ्यांचेच पुसले. प्रश्नांवर आता "एक वाचक" असं दिसू लागलं. पण एक अडचण उरली. उत्तरांत नईमाभाभींनी माणसांना नावानं हाक मारली होती. ती नावं उत्तरांतून काढायची म्हणजे त्यांच्या लिहिण्यात हात घालायचा. ते काम मेहबूबभाईंनी महजबीनला करू दिलं नाही. रोज दुपारी दुकानात बसून, गादीचा टाका उसवावा तसं ते एकेक नाव सोडवत. "एस्तेर बेटा, कांदा आधी भाज" यातलं "एस्तेर" गेलं. बाकीचं जसंच्या तसं राहिलं, अगदी चुकीच्या वेलांट्यांसकट.

बेबीबाईंनाही त्यांनी फोन करून विचारलं, नईमानं डाळीबद्दल नक्की काय लिहिलं होतं ते आठवतं का. बेबीबाईंना मिरची किती आणि लसूण किती ते आठवत होतं. त्या तशीच डाळ अजून करतात. शब्द मात्र त्यांनाही आठवले नाहीत. दोधू पाटील मागून म्हणाले, डाळ चांगली व्हते म्हनी सांग.

जत्रा ओसरली. प्रकाशा-नवापूरला काय झालं ते सगळ्यांना कळलं, आणि कळल्यावर लोक यायचे थांबले. मेहबूबभाई मात्र कुठलं उत्तर निसटलं तर नाही ना हे पाहायला रोज ब्लॉग उघडत, सकाळी दुकान उघडताना, दुपारी आणि पुन्हा संध्याकाळी. पान उघडलं की खाली पट्टी येई. ते मंजूर दाबत. मग मागच्या खोलीत डोकावून कोण आलं, कोण गेलं तेही बघत. आता नुसती गावं दिसत, नावं नाहीत. पुण्याचे लोक कमी झाले. धुळ्याची बाई परत आली नाही. तळोदा तर अगदीच शांत. त्यांना भीती वाटायची की एक दिवस कुणीच येणार नाही आणि नईमाची उत्तरं नुसती पडून राहतील.

पण एक वाचक टिकून होता, आणि तोही शहाद्यातलाच! तो रोज यायचा. दिवसातून कितीतरी वेळा यायचा. पाककृतीवर थांबायचा नाही, सरळ खाली उत्तरांकडे जायचा आणि तिथं बराच वेळ असायचा. दवाखान्यातलं उत्तर तर त्यानं इतक्या वेळा उघडलं होतं की मेहबूबभाईंना त्याची काळजी वाटू लागली. एकटा माणूस असावा, असं त्यांना वाटलं. घरात कुणी बोलायला नसेल.

त्यांनी काही दिवस स्वतःला आवरलं. शेवटी रविवारी महजबीनला फोन केला आणि आधीच सांगितलं की मी नियम मोडणार नाही, पत्ता नको, नाव नको, फक्त एक विचारायचंय. माणूस आपल्याच गावातला आहे, नईमाला एवढं मानतो, त्याच्या दारात नुसतं पाच मिनिटं जाऊन बसलं तर चालेल का? तूच आधी त्याला विचार, हो म्हणाला तरच जाईन. तब्येतीचं एक अक्षर काढणार नाही.

महजबीननं तिकडे कॉम्प्युटरवर पाहिलं. तिला वेळ लागला.

"अब्बा," ती म्हणाली, "ते तुम्हीच आहात."

मेहबूबभाईंनी फोन कानाचा काढून त्याच्याकडे बघितलं आणि परत कानाला लावला.

"बरं," ते म्हणाले. "मग तो घरीच असेल."